दहापैकी तीन

बॉटनी डाउन्स, ऑकलंड
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि व्हिडिओवर तू माझ्या तोंडाकडे बघून भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतेस. म्हणून आपली पद्धत बरी: कागदावर लिहायचं, फोटो काढायचा आणि पाठवायचा. अक्षर लागलं नाही तर मला बोलू नकोस, ते तूच गिरवून घेतलं होतंस.

बातमी मोठी आहे. तुझा भाचा मैत्रेय व्यावसायिक बेसबॉलपटू झाला! इथल्या संघाने त्याला एका हंगामाचा करार दिलाय. जानेवारीअखेरपर्यंत ऑस्ट्रेलियातल्या संघांशी चाळीस सामने. चमकला तर पुढचा करार, नाहीतर नारळ. विसाव्या वर्षी पोरगं खेळाच्या पगारावर आहे, हे बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी मला आधी डॉक्टरकडे नेलं असतं.

त्यांचा कोच हेमी म्हणून आहे. माओरी माणूस, धिप्पाड, आवाज मात्र मऊ. त्याने आम्हा आईबापांना, सुरभीला आणि मला, बोलावून मैत्रेयसाठी ठरवलेली ध्येयं वाचून दाखवली. शंभर वेळा बॅटिंगला गेला तर बत्तीस-तेहतीस वेळा पहिल्या बेसवर पोचला की पुरे. नुसत्या फटक्यांचं म्हणशील तर दहापैकी तीन. आणि यश मोजायचं ते चेंडू बरोबर ओळखला का, यावर. फटका बसला का, हा प्रश्न नंतरचा. मी विचारलं, "आणि उरलेले सात?" तर म्हणतो, "दॅट्स बेसबॉल, ब्रो. तो स्वीट अ‍ॅज आहे, एकदम झकास, काळजी करू नका."

ताई, दहापैकी तीन म्हणजे तीस टक्के. आपल्याकडे पस्तीसला पास करतात! बडनेऱ्याच्या रेल्वे यार्डातून दमून आलेले बाबा प्रगतिपुस्तक हातात घेऊन काय म्हणायचे, आठवतं ना? "आपल्याला काठावर पास होऊन चालत नाही. आपण साठ मिळवले तर लोक चाळीस धरतात." त्या एका वाक्यावर मी ईस्ट टामाकीच्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर झालो. आमच्याकडे शंभर पंपांत दोन बिघडले तर मीटिंग लागते.

म्हणून मी आपला तक्ता केला आणि फ्रीजवर लावला. पस्तीस टक्के पास, पंचेचाळीस सेकंड क्लास, साठ फर्स्ट क्लास. पहिल्या दहा सामन्यांत मैत्रेय चाळीस वेळा बॅटिंगला गेला आणि बारा वेळा बेसवर पोचला. तीस टक्के. लाल पेनाने लिहिलंय. त्याने बराच वेळ बघितलं आणि "ओके, बाबा" म्हणाला. गुणी पोरगं आहे, उलटून बोलत नाही.

गॅरेजमध्ये पेपरातलं तुझं फोटोचं कात्रण फ्रेम करून लावलंय. जळगावची राज्य सॉफ्टबॉल फायनल, अंगावर चेंडू घेऊन बेस मिळवणारी कमल! मैत्रेय रोज बघतो.

तुझा,
प्रकाश


अमरावती
३० नोव्हेंबर

चि. प्रकाश,

अनेक आशीर्वाद. मैत्रेयला माझ्याकडून पाठीवर थाप दे, हळू दे.

आता ऐक, म्हणजे वाच. मी अडतीस वर्षं शाळेत पोरींना सॉफ्टबॉल शिकवला. त्यातल्या नऊ जणी राष्ट्रीय खेळल्या, आणि त्या नवांपैकी एकीलाही दहापैकी पाच फटके सातत्याने मारता आले नाहीत. दहापैकी सात वेळा मान खाली घालून परत यायचं आणि आठव्या वेळी मान वर करून जायचं, हाच या खेळाचा अभ्यासक्रम आहे. तुझा तो हेमी शहाणा माणूस दिसतो.

तुझ्या पंपाला कुणी समोर उभं राहून बिघडवत नाही, प्रकाश. इथे समोरचा माणूस पगारच त्यासाठी घेतो, की तुझा मुलगा चुकावा. बाबांचं वाक्य खरं होतं, पण ते परीक्षेच्या पेपरसाठी होतं. ते तू प्रत्येक ठिकाणी लावायला लागलास तर कसं होईल?

तक्ता काढून टाक. ते कात्रणही काढ, त्यात बघण्यासारखं काही नाही.

आणि पुढच्या वेळी आकडा लिहिशील तर फोडून लिही. फटक्यावर किती वेळा बेस मिळाला, चेंडू फेकणाऱ्या पिचरने चार वाईट चेंडू टाकल्यामुळे किती वेळा, सगळं वेगळं.

तुझी,
कमलताई


बॉटनी डाउन्स
२१ डिसेंबर

प्रिय ताई,

जयभीम. तू म्हणत होतीस ना तक्ता काढ? मग हे घे.

दुसरे दहा सामने, चाळीस वेळा बॅटिंग, सतरा वेळा बेस. साडेबेचाळीस टक्के! पास तर झालाच, सेकंड क्लास अडीच टक्क्यांवर आलाय. मी केक आणला, सुरभीने खीर केली. मैत्रेयने दोन घास खाल्ले आणि खोलीत गेला. एवढं यश पचायला वेळ लागतो.

तुझ्या आज्ञेप्रमाणे फोड: फटक्यावर सात, वाईट चेंडूंमुळे सहा, चेंडू अंगाला लागल्यामुळे फुकट मिळालेले चार. आधीच्या दहा सामन्यांत हेच नऊ, तीन आणि शून्य होते. बेस तो बेस, तिन्ही रस्ते सारखेच.

पोरगं बदललंय, ताई. इथे भर उन्हाळा आहे, सगळी तरुण मंडळी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून समुद्रावर, आणि हा घरातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसतो. विहाराच्या मंडळींची समुद्रावर सहल गेली होती. सुरभीने त्याचे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, पिशवीत भरले, तर हा पाण्यात उतरलाच नाही. मला वाटतं, एखादी मुलगी असणार आणि तिचं नाव कुठेतरी गोंदवून घेतलं असणार. फ्रीजरमधली मटारची पाकिटंही सारखी गायब होतात. सुरभी माझ्यावर संशय घेते.

मेहनत मात्र विचारू नकोस. चेंडू फेकणारं मशीन त्याने क्लबमधून आणलंय. दुपारी गॅरेज बंद करून तासभर सराव चालतो. बाहेरून ढप्, ढप् आवाज येतो. बॅटचा आवाज नसतो, म्हणजे चेंडू ओळखून सोडायचा सराव असावा. हेमीला तेच हवं होतं ना?

हेमी परवा मला गाठून म्हणाला, मैत्रेय हल्ली प्लेटला, म्हणजे चेंडू जिच्यावरून जातो त्या पाटीला, फार चिकटून उभा राहतो, घरी काही झालंय का? मी म्हटलं, मित्रा, रिझल्ट बघ.

पुढच्या टप्प्याचं ध्येय पन्नास ठेवलंय.

तुझा,
प्रकाश


अमरावती
२३ डिसेंबर

प्रिय मैत्रेय बाळा,

हे पत्र फक्त तुला आहे. आईने तुला मराठी वाचायला शिकवलंय, हळूहळू वाच.

एकच विचारते. गॅरेजमध्ये जो आवाज येतो, तो चेंडू गादीवर आपटल्याचा की तुझ्यावर? खोटं लिहू नकोस. मला ऐकू येत नाही, पण हा आवाज मला माहीत आहे.

तुझी,
आत्या


२८ डिसेंबर

आत्या, किआ ओरा आणि जयभीम.

मी फोनला बोलून टाइप करतोय. मिस्टेक असतील तर सॉरी.

तुला कसं कळलं? माझ्यावर. पण टेनिसचे बॉल आहेत, सो इट्स फाइन. अंग कसं फिरवायचं ते शिकतोय. पिचर आतल्या बाजूला टाकतो तेव्हा मी हलत नाही. थोडासा हलल्यासारखं करतो, नाहीतर अंपायर बेस देत नाही. तू जळगावला केलं तेच. तुझा फोटो बघूनच आयडिया आली.

हात आणि बरगड्या हीप्स, म्हणजे खूपच, निळ्या आहेत. आईला दाखवू शकत नाही, ती रडेल. बाबांना सांगू नकोस, प्लीज. आत्या, मला तीस टक्के जमत होतं. हेमी म्हणाला होता, इट्स गुड. पण घरी आलो की फ्रीज उघडताना रोज लाल अक्षरं दिसायची. मी पाणी प्यायलाही किचनमध्ये जायचो नाही. आता बाबा हसतात. मी बारा वर्षांचा होतो तेव्हा शेवटचे एवढे हसले होते.

हल्ली हिट मात्र होत नाही. बॉल येताना मी बॉलकडे बघतच नाही, तो कुठे लागेल ते बघतो. पण अजून पंधरा-वीस सामनेच आहेत. प्रॉमिस कर, सांगणार नाहीस.

मैत्रेय


अमरावती
४ जानेवारी २०२६

चि. प्रकाश,

आशीर्वाद. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दोन आठवडे लागले. तीन वेळा लिहून फाडलं.

मी कारण सांगणार नाही, पण माझं ऐक. तुझेच आकडे बघ. फटक्यावरचे बेस नऊचे सात झाले. पोरगं फलंदाज म्हणून खाली चाललंय आणि तुझा तक्ता सांगतो की ते वर चाललंय. हेमी विचारतो ते बरोबर विचारतो. पन्नासाचं ध्येय आजच्या आज काढ. मैत्रेयला जवळ बसवून तुझ्या तोंडाने सांग, "तीस पुरेत. मला तीस आवडतात." एवढं एक वाक्य.

मला नीट झोप लागत नाही. तू माझा धाकटा भाऊ आहेस, तुझ्याकडे मी काही मागायचे तेव्हा हक्काने मागायचे. आज विनवते.

ताई


बॉटनी डाउन्स
११ जानेवारी

ताई,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. कारण सांगणार नाही म्हणतेस आणि पोरगं खाली चाललंय म्हणतेस! इथे लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात. तिसऱ्या टप्प्यात अठ्ठेचाळीस टक्क्यांवर आहे. अंगाला लागून सहा झाले, म्हणून बाकीचे खेळाडू त्याला चेष्टेने लोहचुंबक म्हणतात. मला अभिमान वाटतो. हिंमत लागते त्याला, आणि ती आपल्या घराण्यात तुझ्यापासून आली.

खरं सांगू? मला वाटतं, तुला जे जमलं नाही ते भाच्याला जमतंय, हे तुला जड जातंय. एका फायनलनंतर तू खेळणं सोडलंस. तापात कान गेला, नशीब फुटकं, मान्य. पण म्हणून माझ्या मुलाने तिशीवर समाधान मानावं?

शेवटचा सामना २४ तारखेला, शनिवारी. पन्नास टक्के झाले की बोलू. तोवर नको लिहूस. माझं मन खट्टू होतं आणि ते त्याला कळतं.

प्रकाश


अमरावती
२० जानेवारी

प्रकाश,

नको म्हणालास तरी लिहिते. हे पत्र आलं की लगेच वाच. हातातलं काम टाकून वाच.

माझा कान तापात गेला नाही.

जळगावला चेंडू खांद्याला लागला असं मी सांगितलं, पेपरात तेच छापून आलं आणि तुम्ही सगळ्यांनी तेच फ्रेम केलं. तो कानाला लागला होता. तेव्हा आमच्याकडे हेल्मेट कुठली? मी मुद्दाम हलले नाही. मला बेस हवा होता, कारण त्या दिवशी तीनदा बाद झाले होते आणि बाबा रजा काढून पहिल्यांदाच सामना बघायला आले होते. उठून धावले. लोक ओरडत होते, ते मला पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येत होतं. बाबांना खरं सांगितलं असतं तर त्यांनी खेळ बंद केला असता, म्हणून गप्प बसले. आठवड्याने ताप आला आणि मला कारण आयतं मिळालं. उजव्या कानाचं नंतर वयाने झालं, पण डावा त्या दिवशीच मेला. बेचाळीस वर्षं मी तुम्हा सगळ्यांना फसवलं, आणि माझं ते खोटं तू पोराच्या डोळ्यांसमोर टांगून ठेवलंस.

मैत्रेय मुद्दाम अंगावर चेंडू घेतोय. गॅरेजमध्ये तो तेच शिकतो. बाह्या वर करून बघ. मटारची पाकिटं तो बरगड्यांवर ठेवतो. त्याने मला सगळं लिहिलं आणि तुला न सांगण्याचं वचन मागितलं, आणि मी ते दिलं. त्याहून वाईट म्हणजे मी त्याला उत्तर लिहिलं, लागणारच असेल तर पाठ दे, तोंड कधी देऊ नकोस. मला वाटलं, निदान जपून करेल. एखाद्याला विहिरीत उतरू नको म्हणायचं सोडून मी दोर कसा धरायचा ते शिकवलं. मी शिक्षिका होते, प्रकाश.

घाबरलेला फलंदाज चेंडूकडे बघत नाही. मी त्या दिवशी बघितलं नव्हतं. तोही बघत नाही, त्याने तसं स्वतःच लिहिलंय.

त्याला शनिवारी खेळू देऊ नकोस. हेमीला सांग. मी तुझ्या पाया पडते.

ताई


बॉटनी डाउन्स
३ फेब्रुवारी

ताई,

तू रोज सुरभीला मेसेज करतेस, ती सगळं सांगते म्हणते. पण मीच लिहायला हवं होतं. हात उचलत नव्हता.

तुझं पत्र मला मंगळवारीच मिळालं होतं. फोटो आलेला दिसला, तुझं अक्षर दिसलं, आणि मी उघडला नाही. मनात म्हटलं, पन्नास झाले की एकदमच उघडू आणि तुला चिडवू. रविवारी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उघडला.

शनिवारचं सांगतो. सुरभीलाही माहीत नाही ते सांगतो.

शेवटच्या डावात त्याची पाळी आली तेव्हा माझ्या वहीत शेवटच्या टप्प्याचा एक बेस कमी होता. या वेळी बेस मिळाला तर बरोबर पन्नास. मी वरच्या रांगेतून ओरडलो, "मैत्रेय, एकच!" त्याने वर बघितलं. हेल्मेटखालून तो हसला असं मला वाटलं. मग तो प्लेटला जाऊन अगदी चिकटला. हेमी कुंपणापाशी येऊन हातांनी त्याला मागे हो, मागे हो म्हणत होता.

चेंडू आतल्या बाजूने आला. तो पाठ वळवायला गेला, पण उशीर झाला. आवाज मी ऐकला, ताई. गॅरेजमधल्यासारखा नव्हता.

अंपायरने पहिल्या बेसकडे हात केला.

आणि मी टाळी वाजवली. आधी टाळी वाजवली, वहीत रेघ मारली, आणि मग बघितलं की तो उठत नाही. सुरभी जागेवर नव्हती, ती मैदानाकडे धावत होती. माझ्या हातात पेन होतं.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी शर्ट कापला. खांदा, दंड, बरगड्या, मांडी. निळं, हिरवं, पिवळं, जुनं, नवं, एकावर एक. नर्सने मला विचारलं, घरी कुणी मारतं का याला? मी नाही म्हणालो. नंतर बाकावर बसलो आणि मला कळेना की मी खरं बोललो की खोटं.

चेंडू हेल्मेटच्या कडेखाली लागला. गालाचं हाड जोडलंय. डावा डोळा वाचलाय, पण आतला पडदा फाटला होता, दोन ऑपरेशनं झाली. हेमी रोज येतो. माझ्याशी नीट बोलतो, त्याने मला माझीच जास्त लाज वाटते. क्लबने पुढच्या वर्षाच्या कराराचं पत्र आधीच तयार ठेवलं होतं. पहिल्या दहा सामन्यांवर ठरवलं होतं म्हणाला, त्या तीस टक्क्यांवर. शेवटच्या सामन्यानंतर सगळ्यांसमोर देणार होते.

तू स्वतःला दोष दिला आहेस. तो तुझ्याजवळ ठेवू नकोस, इकडे पाठव. वचन पाळलं म्हणून तू चुकलीस, पण त्याला वचन मागावंसं वाटलं ते माझ्यामुळे. तक्ता मी फाडला. फ्रीजवर चिकटपट्टीचे चार डाग राहिलेत, ते जात नाहीत.

काल पट्टी काढली. डॉक्टरांनी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दाखवला, दहा ओळींचा. उजवा डोळा झाकून डाव्याने वाचायला सांगितलं. मैत्रेय बराच वेळ बघत राहिला. पहिली ओळ वाचली. मग म्हणाला, "बाबा, पुढचं सगळं ग्रे आहे. सॉरी." सॉरी म्हणाला, ताई. मला.

मी डॉक्टरांना बाहेर गाठलं. म्हटलं, किती येईल परत? ते म्हणाले, खोटी आशा देत नाही. सहा महिने लागतील. सगळं मनासारखं झालं तर दहापैकी तीन ओळी. तेवढं झालं तर आम्ही त्याला उत्तम यश म्हणू.

मी त्यांचे दोन्ही हात धरले. म्हटलं, तीन पुरेत. तीन द्या.

तुझा,
प्रकाश